कार्ड तापतंय? आधी खोली पाहा

नाशिकमध्ये मी कॉम्प्युटर जोडतो आणि दुरुस्त करतो. ग्राफिक्स कार्डांची हाताळणी रोजची आहे. त्यातून शिकलेलं सांगतो.

१. कार्ड जेवढी वीज खातं, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर येते. आरटीएक्स ४०९० पूर्ण जोरात चाललं की ४५० वॅट. पंखे ही उष्णता नाहीशी करत नाहीत, फक्त चिपपासून दूर नेतात. म्हणून खोली आठ-दहा अंशांनी तापली की त्याच कामाला कार्डही साधारण तेवढंच चढतं. नाशिकची थंड हवा हिवाळ्यापुरती. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपर्यंत जातो आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई असते. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांची मशिनं रात्रंदिवस रेंडरला लागलेली असतात. बंद खोलीत, टेबलाच्या कप्प्यात कोंबलेल्या कॅबिनेटमध्ये कितीही महागडं कार्ड घाला, ते गरम हवाच पुन्हा ओढणार.

२. दोन-तीन उघडे पंखे असलेलं कार्ड गरम हवा बरीचशी कॅबिनेटमध्येच सोडतं. ती बाहेर काढणारा पंखा कॅबिनेटला हवाच. ब्लोअरचं कार्ड हवा मागच्या जाळीतून थेट बाहेर फेकतं. आवाज जास्त, पण लहान कॅबिनेटमध्ये किंवा शेजारीशेजारी दोन कार्डं असतील तर मी तेच सुचवतो.

३. पंखा स्वच्छ दिसला म्हणून समाधान मानू नका. धूळ बसते ती त्याच्या मागे, हीटसिंकच्या पातळ पत्र्यांमध्ये. घरात कॉम्प्युटर देवघराजवळ असेल तर उदबत्तीच्या धुराने ती चिकट होते आणि नुसती हवा मारून निघत नाही, ब्रश लागतो. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

४. थर्मल पेस्ट बदलताना सगळ्यांचं लक्ष मुख्य चिपवर असतं. मेमरीवरच्या थर्मल पॅडची जाडी मात्र कुणी मोजत नाही. जाड पॅड पडलं तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही. पातळ पडलं तर मेमरी तापत राहते, आणि चिपचा आकडा छान दिसत असल्याने ते पटकन कळतही नाही. जुन्या पॅडची जाडी मोजूनच नवं घ्या.

५. थंड ठेवायचं म्हणून हीटसिंक वाढत गेलं आणि कार्डांचं वजनही. मोठी कार्डं दोन किलोच्या पुढे जातात आणि आडवी लोंबकळतात. खालून आधार द्या. मशीन पुण्या-मुंबईला न्यायचं असेल तर कार्ड काढून वेगळं न्या.

६. पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक आहे. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ वा होता. त्यात एनव्हिडियाचे ए१०० प्रोसेसर आहेत, प्रत्येकी ४०० वॅटपर्यंतचे, आणि त्यांच्यावर स्वतःचा पंखाच नसतो. हवा ढकलायची सर्व्हरच्या पेटीतल्या पंख्यांनी आणि उष्णता बाहेर काढायची इमारतीच्या कूलिंगने. घरच्या खोलीचा विचार मला यातूनच सुचला.

तेव्हा व्हिडिओवाल्या मित्रांनो, अक्षय्य तृतीयेची गर्दी सुरू होण्याआधी कार्ड साफ करून घ्या आणि कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून मोकळ्यावर ठेवा.