विश्वास आहे, तरी रडू येतं

आजचे वाचन : योहान ११:१-४४



माझे पप्पा प्रभूकडे गेले तेव्हा बोरिवलीच्या आमच्या घरी दिवसभर माणसं येत होती. गीतं झाली, प्रार्थना झाल्या. आणि बहुतेकांनी मला एकच गोष्ट सांगितली, "रडू नकोस, ते गौरवात आहेत. तूच रडलास तर आपली साक्ष काय राहील?" सांगणाऱ्यांच्या मनात प्रेमच होतं. मी ऐकलं. पुढच्याच रविवारी उपासनेत गिटार घेऊन हसत उभा राहिलो.

चार महिन्यांनी एका संध्याकाळी अंधेरीहून स्लो लोकलने घरी येत होतो. कांदिवली आलं. रोज याच सुमारास पप्पांचा फोन यायचा, "कुठपर्यंत आलास? चहा टाकू का?" त्या दिवशी दरवाजाजवळच्या गर्दीत उभा राहून मी रडलो. घरी आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. या चार महिन्यांत मी मंडळीत पुष्कळ प्रार्थना केल्या, पण एकट्याने, मनापासून एकही नाही. जे प्रभूला सांगायचं होतं तेच दाबून ठेवलं होतं, मग बोलणार काय?

त्या रात्री हा अध्याय पुन्हा वाचला.

येशू बेथानीस पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था त्याला गाठते आणि सरळ म्हणते की, प्रभू इथे असता तर भाऊ मेला नसता (व. २१). नंतर मरीया येते, त्याच्या पायाशी पडते आणि तेच बोलते (व. ३२). ही तक्रारच आहे. पण प्रभू दोघींनाही रागावत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीयेला मात्र काही शिकवत बसत नाही. तिला रडताना पाहून तो व्याकूळ होतो आणि स्वतः रडतो (व. ३३-३५).

लक्षात घ्या, लाजराला आपण उठवणार हे त्याने शिष्यांना आधीच सांगितलं होतं (व. ११). म्हणजे पुढे काय होणार हे पक्कं ठाऊक असूनही तो रडला. मग आपलं रडणं अविश्वास कसं ठरेल?

"पण पौल तर दुःख करू नका म्हणतो ना?" १ थेस्सलनी. ४:१३ नीट वाचा. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं दुःख करू नका, असं तो म्हणतो. दुःखच करू नका, असं नाही. हाच पौल फिलिप्पै. २:२७ मध्ये कबूल करतो की, एपफ्रदीत मेला असता तर आपल्यावर दुःखावर दुःख आलं असतं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८७४च्या सुमारास, दुष्काळात, त्यांचे वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण जुनं दुःख त्यांनी झाकलं नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना आणि विधवांना आश्रयाला घेऊन आल्या, आणि त्याच काळात स्वतःच्या घरातली ती उपासमार उघडपणे लिहिली. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीतूनही त्यांनी ते मृत्यू वगळले नाहीत. दुःखामुळे त्यांची साक्ष बिघडली नाही. जिने भूक आणि मरण जवळून पाहिलं होतं, तिलाच त्या मुलींचं दुःख कळलं. पुढे १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तेव्हाही त्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात होत्या. ५ एप्रिल १९२२ला त्या प्रभूत निजल्या.

मार्था आणि मरीया, दोघींनी आपली तक्रार येशूकडेच नेली. आपणही तेच करायचं. रडायचं, पण त्याच्याजवळ. स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ती प्रार्थनाच आहे आणि पवित्र शास्त्रात आहे. मी त्या रात्री फक्त एवढंच म्हणालो, "प्रभू, तू बरं केलं असतंस तर..." आणि पुढे बोलता आलं नाही. पण चार महिन्यांतली ती माझी पहिली खरी प्रार्थना होती. पप्पांना पुन्हा भेटणार ही आशा तेव्हाही होती, आजही आहे. कांदिवली आलं की घसा अजूनही दाटतो.

आजच्यासाठी :
१. स्तोत्र १३ वाचा. मग तुमची तक्रार स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. शब्द सुंदर नसले तरी चालतील.
२. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल, तर रोम. १२:१५ आठवा. वचन फॉरवर्ड करण्याआधी जाऊन भेटा, डबा न्या, दाखल्यासाठी वॉर्ड ऑफिसात सोबत जा. तो रडला तर रडू द्या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आपल्या मित्राच्या कबरेपाशी रडलास. माझे अश्रू तुझ्यापासून लपवायला मला शिकवलं गेलं, ते आज मी तुझ्यापुढे आणतो. मला खोटं हसू नको, तुझी सोबत हवी. त्या पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत मला धरून ठेव. तुझ्याच नावात मागतो, आमेन.