लाळ तपासणाऱ्यांची वाट

नीटचा निकाल लागला की बायोलॉजीवाल्या घरांत एकच वाद पेटतो: रिपीट करायचं की नाही? त्या गदारोळात लाळेतून आजाराचा धोका ओळखण्याचं क्षेत्र कुणाच्या ध्यानातही येत नाही.

लाळेत ९९ टक्के पाणीच. उरलेल्या टक्काभरात प्रथिनं, आरएनए, हार्मोन्स, जंतू. २००८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यातल्या ११६६ प्रथिनांची यादी केली. तोंडाच्या कर्करोगात आयएल-८ हा रेणू लाळेत वाढलेला सापडतो. गुटखा-तंबाखूने पोखरलेल्या आपल्या देशाला सुई न टोचता होणारी अशी चाचणी हवीच आहे.

काम मात्र किचकट. नमुना देणाऱ्याने तासभर आधी काही खायचं-प्यायचं नाही, दातही घासायचे नाहीत. नळीत लाळ जमली की लगेच बर्फात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये, मग उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. इथे ढिलाई झाली की लाळेतलीच एन्झाइम्स प्रथिनं तोडतात. खरी गोम पुढेच आहे. आयएल-८ हिरड्यांच्या आजारातही वाढतो. मग वाढलेला आकडा कर्करोगाचा की पायरियाचा? त्यासाठी तोंड तपासणारा दंतवैद्य लागतो आणि संख्याशास्त्र कळणारा माणूसही. म्हणून बीडीएस, बायोकेमिस्ट्री, बायोइन्फर्मॅटिक्स या सगळ्यांना इथे जागा आहे. गणिताला घाबरून बायोलॉजी घेतली असेल, तर ती भीती आधी घालवा.

बीएस्सीनंतर एमएस्सी बायोटेकसाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा द्यावी. पीएचडीसाठी खारघरचं ॲक्ट्रेक, पुण्याचं एनसीसीएस अशा संशोधन संस्था आहेत. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने गुळणीच्या पाण्यातून कोरोनाची आरटीपीसीआर तपासणी बसवली, म्हणजे असं काम महाराष्ट्रातही होतं.

आता पैशांचं. पीएचडीसाठी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. पण तिथवर पाच वर्षं खर्चच, आणि बस्तान बसेपर्यंत तिशी येते. घरात लवकर पगार हवा असेल तर डीएमएलटी हा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करावा. त्यात कमीपणा कसला?

आणि ‘मोलेक्युलर डायग्नॉस्टिक्स’ अशा चकचकीत नावाच्या कोर्सला पैसे भरण्याआधी तो शिकवणाऱ्या संस्थेची प्रयोगशाळा स्वतः बघून या. आरटीपीसीआर यंत्र मुलं स्वतः चालवतात की नुसतं लांबून बघतात, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर फी भरू नका.