कमी साखरेची जास्त किंमत

२०१९ चा ऑक्टोबर दिंडोरी-निफाडकडच्या माणसाला सांगावा लागत नाही. नोव्हेंबर उजाडला तरी पाऊस हटेना. खायच्या द्राक्षाचं नुकसान पेपरात आलं. वाइनच्या द्राक्षाला कोण विचारतो! गोडी छाटणी उरकून माझी चेनिन ब्लाँ नेमकी फुलोऱ्यात होती. डाऊनी रोग थेट घडावर उतरला. ट्रॅक्टर रुतायचा, म्हणून पाठीवर पंप घेऊन फवारलं. गळ झाली ती झालीच.

वेलीवर माल कमी राहिला की साखर चांगली भरते म्हणतात. पण पानंच करपलेली, साखर बनवणार कोण? फेब्रुवारीतही आंबटपणा उतरेना.

वायनरीशी केलेल्या करारात साखरेचं माप २१ ब्रिक्स होतं. वायनरीच्या गेटवर त्यांचा माणूस गाडीवर चढला, एक घड उचलला, शेंड्याचे चार मणी तोडून रिफ्रॅक्टोमीटरवर पिळले. १९. "काका, माल कच्चा आहे." घड खांद्याकडून आधी पिकतो, शेंडा मागाहून, हे बागेतल्या पोरालाही कळतं. म्हटलं, साहेब, वरचेही घ्या की. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "लॅबला पाठवतो, पण गाडी संध्याकाळपर्यंत थांबेल." भर उन्हात तोडलेलं द्राक्ष उभं ठेवायचं म्हणजे काय, हे त्याला पक्कं माहीत होतं. कापलेल्या दराने माल खाली केला.

खरी मेख कळली ती कोरोनाची बंधनं उठल्यावर. व्याही आले होते, त्यांना हौसेने त्याच वायनरीत नेलं. ग्लास भरणारा पोरगा पढवल्यासारखा बोलत होता: त्या वर्षी हंगाम कठीण गेला, पण चेनिनमध्ये आम्लता सुरेख राहिली, स्पार्कलिंग वाइनला अशीच लागते. आणि स्पार्कलिंगसाठी द्राक्ष तोडतातच मुळी १८-१९ ब्रिक्सला! म्हणजे ज्या कमी साखरेपायी माझा दर पाडला, तीच यांच्या कामाची होती. व्याह्यांसमोर काय बोलणार? प्यालो गुमान. वाइन चांगली होती, हे आणखी वाईट.

तेव्हा करार करणाऱ्यांनो, नुसत्या ब्रिक्सवर दर ठरवू नका. आम्लता, पीएच आणि माल कुठल्या वाइनला जाणार, हे लिहून घ्या. नमुना तोडणीआधी बागेतच, दोघांसमोर काढा: उन्हाकडचे घड, सावलीकडचे घड, खांदा, मध्य, शेंडा, सगळा रस एकत्र करून मोजा. रिफ्रॅक्टोमीटर स्वतःचा ठेवा आणि आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणा. चेनिनचा घड घट्ट, आतला मणी सडलेला बाहेरून दिसत नाही. हलकं दाबून बघा. रस गळला, आंबूस वास आला, चिलटं घोंघावली की तो घड बागेतच टाका, नाहीतर त्यावरून सगळी गाडी नापास करतील. तोडणी जवळ आली की गंधक बंद, नाहीतर वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो. फवारणीची वही ठेवा. सही करण्याआधी कागद वाचा, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

आणि दर कापला तर कारण लेखी मागा. माझ्या पावतीवर "क्वालिटी कपात" एवढंच आहे. ब्रिक्स किती, मोजला कुणी, काही नाही. पावती जपून ठेवलीय, कुणाला बघायची असेल तर खुशाल या.