फॉर्म्युल्यात 'इफ' किती, आधी मोजा

व्हिडिओतली शीट इथे जरा सावकाश पाहू.

सटाण्याचा एखादा कांदा व्यापारी घ्या. बाहेरगावच्या पार्टीचं बिल करताना तो भाव तीन गोष्टी बघून लावतो: लाल की उन्हाळ, मोठा, मध्यम की गोलटी, आणि गोणी की जाळी. झाले 12 भाव. बरेच जण हे सगळं एकाच सेलमध्ये, इफच्या पोटात इफ घालून लिहितात. लिलाव झाला की रोज तोच फॉर्म्युला उघडून आकडे बदलायचे. क्विंटलला 100 रुपये चुकले, तर 250 क्विंटलच्या गाडीमागे 25,000 गेले!

हा गुंता मोजता येतो. थॉमस मॅकेब यांनी 1976 मध्ये साधा हिशोब दिला: जेवढे फाटे, त्यात एक मिळवा. आपले इफ 11, म्हणजे आकडा 12. मॅकेब यांनी मर्यादा सुचवली होती 10 ची. शिवाय 12 म्हणजे तपासायला निदान 12 नमुना बिलं. कोण करतं? (एक्सेल 64 थर घालू देतं, म्हणून घालायचेच असं नाही.)

आता 'भाव' नावाची वेगळी शीट करा. पहिल्या कॉलमात 'उन्हाळ-मध्यम-जाळी' असं नाव, दुसऱ्यात भाव. बिलात फक्त व्हीलूकअप. त्यातला शेवटचा 0 विसरू नका, नाहीतर भलत्याच ओळीचा भाव उचलला जाईल आणि कळणारही नाही. 0 असेल तर नाव न सापडल्यावर सरळ एरर येतो, तो बरा. आता इफ एकही नाही, आकडा 1. भाव बदलायला मुनीमजींना फॉर्म्युल्याला हातही लावावा लागत नाही.

बिलिंग सॉफ्टवेअर बनवून घेत असाल, तर डेव्हलपरला हेच विचारा: भाव कोडमध्ये लिहिलेत की तक्त्यात?