फिंच पक्षी आणि कोमोडो घोरपड : अन्नटंचाईला दोन उत्तरे

दुष्काळात एकाच पिकातील काही झाडे तगतात, काही करपतात. त्यामागील आनुवंशिक कारण शेतात मोजणे अवघड असते, कारण तेथे बाहेरून बियाणे, पाणी व खत येत राहते. एकाकी बेटावर अशी सरमिसळ अत्यल्प असते. त्यामुळे गॅलापागोस द्वीपसमूहातील चिमणीएवढा भू-फिंच आणि इंडोनेशियातील तीन मीटरपर्यंत वाढणारी कोमोडो घोरपड यांची तुलना उद्बोधक ठरते.

पीटर व रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने 1973 पासून डॅफ्ने मेजर बेटावरील फिंचच्या चोची मोजल्या. 1977 मध्ये तेथे पावसाळ्यात केवळ 24 मिलिमीटर पाऊस झाला. बारीक, मऊ बी संपले; उरली ती मुख्यतः ट्रिब्युलसची टणक, काटेरी फळे. भारतातील बांधावरचा सराटा याच प्रजातीतला, त्यामुळे हे फळ फोडणे किती कठीण असेल याची कल्पना शेतकऱ्यास सहज येईल. सुमारे 85 टक्के पक्षी नष्ट झाले. वाचलेल्यांत जाड चोचीचे अधिक होते आणि पुढील पिढीची चोच सरासरीने सुमारे 4 टक्के जाड निघाली. दुष्काळाने कोणत्याही पक्ष्याची चोच वाढवली नव्हती. जाड-बारीक चोचींचे वैविध्य थव्यात आधीपासूनच होते. 1983 च्या अतिवृष्टीनंतर बारीक बी मुबलक झाले, तेव्हा लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. गावरान वाणातील कणसांचा कमी-अधिकपणा म्हणजे निव्वळ भेसळ, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य विचारात घ्यावे.

कोमोडो घोरपडीचे आकारमानही भक्ष्याशी निगडित आहे. हरणे विपुल असलेल्या कोमोडो व रिंका बेटांवर ती मोठी होते, तर हरणे विरळ असलेल्या चिमुकल्या गिली मोटांगवर लहानच राहते. (तिचा मूळचा महाकाय आकार मात्र बेटाची देणगी नव्हे, ऑस्ट्रेलियातील जीवाश्म तो त्याहून जुना असल्याचे दाखवतात.) शीतरक्ताची असल्याने ती एका भरपेट जेवणावर अनेक आठवडे काढते. टंचाई सोसण्याची ही ताकद फिंचजवळ नाही. उलट, प्रौढ होण्यास तिला आठ-नऊ वर्षे लागतात. फिंचमध्ये एक-दोन वर्षांत दिसलेली निवड तिच्यात घडण्यास दशके जातील.

नराविना अंडी फलित झाल्याचे 2006 मध्ये ब्रिटनमधील प्राणिसंग्रहालयांत सिद्ध झाले. त्यातून नरच जन्मतात आणि त्यांच्यात केवळ आईचीच जनुके येतात, म्हणून वैविध्य घटते. बेटांमधील समुद्रामुळे नवे रक्तही क्वचितच मिसळते. 2021 मध्ये या घोरपडीची नोंद ‘संकटग्रस्त’ गटात झाली.