वनस्पतिज रंगांनी लोकर रंगविणे व तिची आसने विणणे

मेंढीपालन हा महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त भागातील पिढीजात धंदा होय. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे सूत काढावे, त्याची घोंगडी विणावी व तिला चिंचोक्याची खळ द्यावी, ही धनगर व सनगर कुटुंबांची जुनी रीत. गिरणीची ब्लँकेटे आल्यापासून घोंगडीची मागणी घटली, आणि ही जाडीभरडी लोकर पुष्कळ ठिकाणी कातरणीच्या मजुरीइतकेही मोल आणीत नाही. दुसरीकडे, शहरांत हाताने रंगविलेल्या व विणलेल्या वस्तूंना गिऱ्हाईक आहे. या दोहोंची सांगड घालावयाची तर रंग पक्का हवा. तो कसा साधावा, हे या पाठात दिले आहे.

पुण्याची नारायण पेठ उदाहरणादाखल घेऊ. मुठेच्या काठची ही जुनी, दाट वस्ती. रंगशाळा थाटण्यास येथे जागा नाही; परंतु शंभर ग्रॅमची लड रंगविण्यास एक शेगडी, एक मोठे पातेले व गॅलरीतील दोरी पुरते. कांद्याची टरफले, डाळिंबाच्या साली व दसऱ्यानंतर उतरविलेली झेंडूची तोरणे हा कच्चा माल घरोघरी निघतोच. याच पेठेतील केसरी वाड्याचे नाव १९०५ सालच्या स्वदेशी चळवळीशी जोडलेले आहे. स्वदेशीचा एक व्यवहारी धडा असा की, वस्तू एकदा भावनेपोटी घेतली जाते. दुसऱ्यांदा घेतली जाते ती टिकली म्हणून.

सुताची निवड व धुलाई

काळ्या लोकरीवर रंग दिसत नाही. ती आहे तशीच वापरावी. रंगविण्यासाठी पांढरी लोकर वेगळी काढावी. दख्खनी लोकर अंगाला टोचते, म्हणून तिची आसने, बैठका व पिशव्या कराव्यात. लहान मुलांचे कपडे करू नयेत.

सुताची लड चार ठिकाणी सैल बांधून कोरडी असतानाच तोलावी व वजन लिहून ठेवावे. नंतर ती रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी व हलक्या हाताने दाबून धुवावी. लोकर चोळू नये. तसेच गरम पाण्यातून काढून एकदम थंड पाण्यात टाकू नये. तसे केल्यास ती आकसून तिचा नमदा होतो. मळ व चिकटा राहिल्यास रंग डागाडागांनी चढतो.

तुरटीचे पाणी

पुष्कळांची समजूत अशी की, रंगाचा पक्केपणा फुलात वा सालीत असतो. वस्तुतः बहुतेक वनस्पतिज रंग धाग्याला स्वतःहून घट्ट धरत नाहीत. त्यांना धरून ठेवणारा रंगबंधक लागतो. आपले रंगारी हे जाणून होते. १८५६ साली विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम रंग काढला, १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि जुन्या कृती हळूहळू मागे पडल्या.

शंभर ग्रॅम कोरड्या लोकरीस पंधरा ग्रॅम तुरटी घ्यावी. ती गरम पाण्यात विरघळवून तीन ते चार लिटर पाण्यात मिसळावी. ओली लड त्यात सोडून मंद आचेवर तापवावे. पाणी उकळू न देता तासभर तसेच ठेवावे व लड त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यावी.

सुती धाग्यास ही कृती पुरत नाही. तो धुण्याच्या सोड्यात उकळून घ्यावा, शंभर ग्रॅमला वीस ग्रॅम हिरड्याच्या चूर्णाच्या पाण्यात रात्रभर भिजवावा, न खळबळता वाळवावा आणि मग तुरटीच्या पाण्यात घालावा.

रंगविणे

पातेले स्टेनलेस स्टीलचे वा एनॅमलचे असावे. लोखंड व तांबे रंगछटा बदलतात. ते पुन्हा स्वयंपाकास वापरू नये. शंभर ग्रॅम लोकरीस पुढीलप्रमाणे माल घ्यावा :

१. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या, १०० ग्रॅम : पिवळा रंग.
२. कांद्याची कोरडी टरफले, ५० ते १०० ग्रॅम : सोनेरी ते नारिंगी.
३. डाळिंबाची वाळलेली साल, ५० ग्रॅम : फिकट पिवळा ते खाकी.
४. मंजिष्ठाचे चूर्ण, ५० ते १०० ग्रॅम : विटकरी तांबडा.

पहिले तीन पदार्थ पाऊण तास उकळून पाणी गाळावे व निवल्यावर त्यात लड घालावी. मंजिष्ठ मात्र रात्रभर भिजवावी व पुढे कधीही उकळू नये. अति उष्णतेने तांबडा रंग तपकिरीकडे झुकतो. लड मंद आचेवर तासभर ठेवून अधूनमधून वरखाली करावी, पाण्यातच निवू द्यावी व पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन सावलीत वाळवावी. करडी छटा हवी असल्यास दोन ग्रॅम हिराकस पुरे. जास्त झाल्यास लोकर ठिसूळ होते. गाळलेला चोथा खताच्या खड्ड्यात टाकावा. फुले वा रंगपाणी मुठेत सोडू नये.

हळदीचा रंग सोपा व मनोहर असला, तरी उन्हात लवकर उडतो. विक्रीच्या मालास तो वापरू नये.

कसोटी

प्रत्येक रंगाचे दोन तुकडे राखावेत. पहिला पुठ्ठ्यावर गुंडाळून अर्धा भाग कागदाने झाकावा व पंधरा दिवस उन्हात ठेवावा. दोन्ही भागांत ठळक फरक पडल्यास रंग कच्चा समजावा. दुसरा पांढऱ्या सुती कापडास टाचून साबणाने धुवावा. कापडावर डाग उतरल्यास तो माल विकू नये.

आसनाचा हिशेब

एका वेळचा रंग दुसऱ्या वेळी तंतोतंत जुळत नाही. म्हणून लागणारे सर्व सूत एकदमच रंगवावे. त्यासाठी प्रथम क्रोशाने दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा नमुना विणून तोलावा. पंचेचाळीस सेंटिमीटर चौरस आसनास त्याच्या सव्वावीस पट सूत लागते. नमुना बारा ग्रॅम भरल्यास २४३ ग्रॅम. त्यात दशांश वाढवून सुमारे २७० ग्रॅम सूत घ्यावे. त्यास तुरटी साडेचाळीस ग्रॅम लागेल. एवढे सूत पातेल्यात मोकळे फिरत नसल्यास दोन वेळा रंगवावे, आणि विणताना दोन्ही लडींच्या ओळी आळीपाळीने घ्याव्यात. म्हणजे छटेतील फरक दिसत नाही.

किंमत ठरविताना सूत, तुरटी व इंधन यांच्याबरोबर विणण्याचे तासही मांडावेत. स्वतःची मजुरी न धरल्यास घरचा धंदा आतबट्ट्याचा होतो.

महिला मंडळांनी प्रत्येक लडीचे वजन, रंगबंधक, रंगपदार्थ, वेळ व कसोटीचा निकाल एका वहीत नोंदवावा आणि पानास त्या धाग्याचा तुकडा टाचावा. चार हंगामांत ही वहीच त्यांचे रंगशास्त्र होईल. आणि पेठेतील गिऱ्हाइकाने आसन पुन्हा मागितले, तर माळावरच्या मेंढपाळाच्या लोकरीसही पुन्हा मागणी येईल.