मोटारीची जोडउपकरणे आणि इंधनाची बचत

इंधनाचे दर चढले, की ते वाचविण्याच्या युक्त्या विकणाऱ्यांची संख्याही वाढते. इंधननळीवर बसवायचे लोहचुंबक, हवेला भोवरा देणारे पाते, टाकीत टाकावयाच्या गोळ्या, पाण्यापासून वायू तयार करणारी बाटली, अशा वस्तूंमुळे गाडीचे ॲव्हरेज २० ते ३० टक्क्यांनी वाढते, असे छातीठोकपणे सांगण्यात येते. भाड्याची गाडी चालवून संसार करणारा चालक किंवा भाजीपाला बाजारात पोचविणारा शेतकरी यांच्या दृष्टीने हा दावा लहान नाही. म्हणून त्यावर पैसे खर्च करण्यापूर्वी इंजिनाचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

इंधन जाते कोठे?

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. सुस्थितीतील इंजिनात सिलिंडरमध्ये शिरलेले इंधन ९७ टक्क्यांहून अधिक जळून जाते. तथापि, त्यातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा साधारणतः चौथा ते तिसरा हिस्साच उपयोगी कामात उतरतो. उरलेली उष्णता धुरावाटे, रेडिएटरवाटे व घर्षणात निघून जाते. म्हणजेच मुख्य नुकसान इंधन न जळल्यामुळे होत नसून, उष्णतेचे कामात रूपांतर न झाल्यामुळे होते.

एखादी मोटार महिन्यास ९०० किलोमीटर धावते व लिटरला १५ किलोमीटर जाते असे धरल्यास तिला ६० लिटर पेट्रोल लागेल. २० टक्के बचत म्हणजे १२ लिटर. परंतु न जळलेले इंधन फार तर ३ टक्के, म्हणजे दोन लिटरही नाही. जे वाया जातच नाही, ते ज्वलन सुधारून वाचविणार कसे?

उपकरणांची परीक्षा

पेट्रोलच्या रेणूंवर लोहचुंबकाचा ज्वलन बदलेल असा परिणाम होत नाही. भोवरा देणारे पाते हवेच्या वाटेत अडथळाच होते. पाण्याचे विघटन करणाऱ्या बाटलीस वीज लागते. ती वीज अल्टरनेटर देतो आणि अल्टरनेटर इंजिनच फिरविते. या प्रत्येक रूपांतरात ऊर्जेचा काही अंश वाया जात असल्यामुळे मिळणारा वायू खर्चिलेल्या इंधनाची भरपाई करू शकत नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत अशा वस्तूंचा सुळसुळाट झाला. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून अधिक उपकरणे तपासली. फारच थोड्यांनी किंचित लाभ दाखविला व त्यांतील काहींमुळे धुरातील प्रदूषण वाढले.

गॅरेजमधील बदल

थर्मोस्टॅट काढून टाकल्यास इंजिन थंड राहते व उलट इंधन अधिक खाते. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत मिश्रण फार पातळ केल्यास इंजिन तापते आणि व्हॉल्व्ह जळण्याचा धोका असतो. त्याच गाडीत चोंदलेला एअर फिल्टर बदलल्यास मात्र बचत होते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हवेच्या मानाने पेट्रोल सोडण्याचे काम संगणक करीत असल्यामुळे फिल्टरचा परिणाम ॲव्हरेजपेक्षा ओढीवर अधिक दिसतो. मूळ फिल्टर काढून विरळ जाळीचा बसविल्यास धूळ आत जाऊन सिलिंडर झिजण्याची भीती असते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ही बाबही ध्यानात ठेवावी. नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास त्यान्वये मनाई आहे. मान्यताप्राप्त सीएनजी संच नियमानुसार बसवून त्याची नोंद करून घेता येते. पण तेथे खर्च घटतो तो मुख्यतः इंधन बदलल्यामुळे.

अनुभव कसा तपासावा?

"मला तर फरक पडला," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. उपकरण बसविताना मेकॅनिक बहुधा प्लगही साफ करतो आणि चालकही त्यानंतर जपून गाडी हाकतो. श्रेय मात्र उपकरणास मिळते. यासाठी टाकी काठोकाठ भरून काही शे किलोमीटर चालवावे, पुन्हा त्याच पंपावर तशीच भरावी व हिशेब मांडावा. नंतर उपकरण बसवून आणि शेवटी ते काढून, त्याच रस्त्यावर व तेवढ्याच ओझ्यासह हीच कृती करावी. उपकरण काढल्यावरही ॲव्हरेज टिकून राहिले, तर बचत त्याची नव्हती, हे उघड होते.

खरी बचत

चाकांत योग्य हवा, वेळेवर तेलबदल, अनावश्यक ओझे उतरविणे, उभ्या गाडीचे इंजिन बंद करणे आणि एकसारखा मध्यम वेग, हे उपाय खात्रीचे आहेत. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस करीत आली आहे. या उपायांना खर्च थोडा लागतो आणि इंजिनासही अपाय होत नाही. जोडउपकरणाकडे वळण्यापूर्वी प्रत्येक वाहनधारकाने हे उपाय प्रथम योजून पाहणे हिताचे होईल.